उद्याची दोरी

१८ डिसेंबर, बुधवार

आमच्या कॉलेजच्या बाई म्हणायच्या, मुलांबरोबर काम करायचं असेल तर रोज लिहा, नाहीतर दिवस नुसता हातातून निसटून जातो. म्हणून आजपासून लिहायचं ठरवलं आहे. बालशिक्षणाची पदवी हातात आली आहे. सुट्टी संपली की दुसऱ्या गावच्या बालवाडीत रुजू व्हायचं. मधली ही थंडीची सुट्टी ताईच्या दोन मुलांबरोबर. म्हणजे माझी खरी परीक्षा आधी घरातच आहे.

घरात आम्ही पाच जण: ताई, तिची दोन मुलं, आमची आई आणि मी. भावोजी डोंगरावर असतात. ते रोपवेचे मेकॅनिक. वर बर्फ पडला की पर्यटकांची रीघ लागते आणि सीझनभर त्यांना तिथेच राहावं लागतं. पण दर वर्षी सुट्टीच्या शेवटी ते चार दिवस घरी येऊन जातात. ताई एका मोठ्या हॉटेलच्या लाँड्रीत आहे आणि तिचाही हाच धावपळीचा काळ. त्यामुळे मुलं माझ्याकडे.

मोठी सात वर्षांची. तिला सगळे वकीलबाई म्हणतात, कारण उलटतपासणी घेतल्याशिवाय ती दूधसुद्धा पीत नाही. धाकटा चार वर्षांचा. स्वेटरवर स्वेटर घालून तो इतका गोल होतो की त्याचं नाव गाठोडं पडलं आहे. गाठोडं फारसं बोलत नाही, मात्र सगळीकडे घरंगळत येतं.

आज मी पुढच्या खोलीत खिडकीपासून दारापर्यंत एक दोरी बांधली. रोज संध्याकाळी, उद्या काय होणार याचं चित्र काढायचं आणि कपड्यांच्या चिमट्याने तिला अडकवायचं. नियम एकच: नक्की असेल तरच दोरीवर. 'बघू', 'जमलं तर', 'शहाण्यासारखं वागलात तर' यांना दोरीवर जागा नाही. मोठी माणसं शब्द सैल वापरतात म्हणून मुलांचा शब्दांवरचा भरवसा उडतो, असं मी माझ्या प्रकल्पात लिहिलं होतं. आता ते करून दाखवायचं आहे.

ताई कामावरून आली आणि दोरी बघून म्हणाली, "आणि कपडे कुठे वाळवायचे?"

आई म्हणाली, "कपड्यांचं राहू दे. तिने पदवी वाळत घातलीय."

मीही हसले. त्यांचं हसणं मनाला लावून घ्यायचं नाही, हे मी स्वतःला बजावलं आहे. घरात पहिली शिकलेली असले की एवढं चालायचंच.

२० डिसेंबर, शुक्रवार

दोरी चालते आहे. काल कात्रीचं चित्र लावलं होतं. गाठोड्याचे केस कापायचे होते आणि दर वेळी त्यासाठी त्याला तिघांनी धरावं लागतं. आज ते स्वतः खुर्चीवर चढून बसलं. न्हाव्याने विचारलं, आज रडणार नाही का? तर म्हणालं, "दोरीवर रडणं नव्हतं."

खरी कसोटी मात्र दुपारी लागली. दोरीवर बाग होती आणि बाहेर धुकं, वर भुरभुर पाऊस. आई म्हणाली, पोरांना आजारी पाडू नकोस, उद्या जा. मी गेलेच. छत्री धरून, ओल्या झोक्यावर प्लॅस्टिकची पिशवी घालून दोघांना एकेक झोका दिला आणि परत आणलं. जिना चढताना वकीलबाईने निकाल दिला: "दोरीचं खरं असतं."

पदवीच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता.

२१ डिसेंबर, शनिवार

वकीलबाईचा प्रश्न: बाबा दोरीवर का नाहीत?

मी म्हटलं, आईने सांगितलंय ना, येणार आहेत. ती म्हणाली, "आई काहीही सांगते. आई म्हणाली होती, दात दुखणार नाही. तू लाव, मग मला पटेल."

मुलं किती नेमकं बघतात. ताईचं चुकतं ते हेच. ती त्यांना गप्प करण्यासाठी बोलते.

संध्याकाळी ताई आली. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजतात, म्हणून ती आधी दारातल्या स्टुलावर बसून मोजे काढते. मी तिला विचारलं, भावोजी एकोणतीसला दुपारच्या बसने येतात ना, दर वर्षीसारखे? दोरीवर लावू? तिचा एक मोजा काढून झाला होता. दुसऱ्यावर हात ठेवून ती तशीच बसली. मी पुन्हा विचारलं. म्हणाली, "लाव."

मी म्हटलं, "ताई, नक्की असेल तरच हं."

"लाव म्हटलं ना. तू लावलंस की त्यांना खरं वाटतं."

म्हणजे ताईलाही दोरीचं महत्त्व पटलं आहे. मुलांपेक्षा तिला पटवणं जास्त अवघड होतं.

मग आम्ही तिघांनी बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा कापून रोपवेचा पाळणा केला. आत बाबा: मिशा वकीलबाईने काढल्या, लाल टोपी गाठोड्याने रंगवली. पाळणा खिडकीच्या टोकाला अडकवला. तो रोज सकाळी एक चिमटा पुढे सरकवायचा. दारापाशी पोचला की बाबा आले.

२३ डिसेंबर, सोमवार

ताईने आज भावोजींचा जाडा लोकरी कोट खालच्या शिंप्याकडे दिला, वकीलबाईच्या मापाचा करायला. मी सोबत होते. शिंप्याने कोट टेबलावर पसरला, खडू हातात घेतला आणि विचारलं, "नक्की कापू ना? मग तो परत मोठा होत नाही." ताई म्हणाली, कापा. त्याने खांद्यावर रेघ मारली आणि पुन्हा विचारलं, साहेब मागतील तर? ताई त्याच्यावर जरा ओरडलीच, कापा म्हणते ना.

भावोजींना कंपनीने वर नवा दिला असेल. तरी त्यांना विचारायला हवं होतं असं मला वाटलं. पण ताई सध्या फार चिडचिडी झाली आहे. सीझनमध्ये रोज हजारभर चादरी, मग माणूस चिडणारच.

खिसे मात्र शिंपी तसेच ठेवणार आहे. वकीलबाईची अट.

२४ डिसेंबर, मंगळवार

मुलांना बाबांशी बोलायचं होतं. ताई म्हणाली, वर रेंज नाही. वकीलबाई म्हणाली, गेल्या वर्षी होती, बाबांनी पाळण्यात बसून बर्फ दाखवला होता. ताई म्हणाली, गेल्या वर्षी होती, या वर्षी नाही, जेव.

नंतर मी कपडे काढायला गेले तर ताई गॅलरीत फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. "पोरांनी दोरीवर लावलंय. रोज एक चिमटा पुढे सरकवतात. तुम्हीच बघा आता." मला बघून तिने फोन बंद केला आणि मुकादम बाई होत्या म्हणाली. माझा प्रयोग ती लाँड्रीतही सांगते आहे तर. तोंडावर कौतुक करणार नाही, ताईचा स्वभावच तसा.

२६ डिसेंबर, गुरुवार

पाळणा अर्ध्याच्या पुढे आला.

एकोणतीसला ताईला सुट्टी मिळत नाही म्हणे. दर वर्षी ती त्या दिवशी सुट्टी घेते, केस धुते. या वेळी तिने मागितलीसुद्धा नाही असं मला वाटतं. आईला म्हटलं, भावोजींची रजई काढून उन्हात टाकूया. म्हणाली, वेळ आली की काढू. मग थोड्या वेळाने उगाचच माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "तू जरा हळू घे गं."

या घरात आनंदाची तयारी कोणाला करताच येत नाही. कष्ट करून करून माणसं अशी होतात. मी ठरवलं आहे की मुलांना घेऊन स्टँडवर मीच जाणार.

३० डिसेंबर, सोमवार, सकाळ

काल लिहिता आलं नाही. आता लिहिते. क्रमाने लिहायचा प्रयत्न करते.

काल पाळणा दारापाशी पोचला. आम्ही लवकरच स्टँडवर गेलो. वकीलबाईने नवा कोट घातला होता. बाह्या, उंची सगळं तिच्या मापाचं, पण खिसे बाबांचेच. हात घातला की कोपरापर्यंत आत जातो. गाठोड्याला मी बाकावर उभं केलं होतं, बस आधी त्याला दिसावी म्हणून.

डोंगराची बस आली. टपावर बर्फ होता. एकेक माणूस उतरत गेला. शेवटी तेलकाका उतरले. ते भावोजींबरोबर कामाला असतात, चाकांना वंगण घालतात, अंगाला कायम तेलाचा वास, म्हणून मुलांनी ठेवलेलं ते नाव. मुलांना बघून ते आधी हसले. मग त्यांनी वकीलबाईच्या कोटाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू गेलं.

मी विचारलं, भावोजी मागे आहेत का? ते मला दोन पावलं बाजूला घेऊन गेले. बसचं इंजिन चालू होतं, म्हणून त्यांना मोठ्याने बोलावं लागत होतं. म्हणाले, तो आता खाली येत नाही हो. तिकडेच बिऱ्हाड केलंय. तिकीटखिडकीवर बसते ना, तिच्याबरोबर. मला वाक्य कळत होतं, अर्थ कळत नव्हता. मी म्हटलं, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय, ताईने स्वतः सांगितलंय की आज येणार. ते बिचारे घाबरले. म्हणाले, "अहो, सीझन सुरू व्हायच्या आधीच तो सांगून आलाय. घरी सगळ्यांना माहीत आहे."

याच वाक्याच्या मध्यावर ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. 'घरी सगळ्यांना माहीत आहे' हे सगळ्या स्टँडने ऐकलं असेल.

मी वळून पाहिलं. वकीलबाई बसच्या चाकाकडे बघत होती. तिने ऐकलं नसावं. गाठोड्याने तेलकाकांना विचारलं, बाबा मागच्या बसमध्ये आहेत का? त्यांनी त्याच्या हातावर पेपरमिंटची गोळी ठेवली आणि ते निघून गेले.

मी मुलांना म्हटलं, "बाबा आज आले नाहीत." हे खरं होतं. गाठोड्याने विचारलं, उद्या? मी म्हटलं, मला माहीत नाही. हेही मी तेवढंच खरं बोलले. वकीलबाईने काहीच विचारलं नाही. दोन्ही हात कोपरापर्यंत खिशात घालून ती माझ्या पुढे चालत राहिली.

घरी आईने दार उघडलं. दार उघडणारं माणूस आधी येणाऱ्याच्या मागे बघतं, अजून कोण आलंय ते. आईने आमच्या मागे पाहिलंच नाही. आम्ही तिघं आत आलो आणि तिने दार लावलं.

मी तिथेच तिला म्हटलं, तुलाही माहीत होतं. ती म्हणाली, तुझ्या तोंडावर सगळं छापून येतं गं, तुला कसं सांगायचं? आणि मुलांचे मोजे काढायला बसली.

ताई उशिरा आली आणि माझ्याशी न बोलता झोपली. आता ती पुन्हा कामावर गेली आहे. जाताना डबा विसरली, की मुद्दाम ठेवून गेली, कोण जाणे. मी तो घेऊन निघते आहे.

त्याच दिवशी, संध्याकाळ

लाँड्रीच्या दाराशी मुकादम बाईंनी अडवलं नाही. ताईच्या जोडीची बाई आज आली नव्हती आणि चादरी साठत होत्या. म्हणाल्या, बहीण ना, मग धर दुसरं टोक.

तिथे एक लांब तापलेला रूळ आहे. ओली चादर एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने कडक, गरम बाहेर येते. दोघींनी चार कोपरे धरायचे, मागे जायचं, झटका द्यायचा, मग जवळ येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. पुन्हा मागे, पुन्हा जवळ. रुळाचा आवाज इतका की लांबून काही ऐकू येत नाही. म्हणून आमचं बोलणं चादरीच्या घडीघडीला झालं.

पहिल्या चादरीला मी म्हटलं, तू मला फसवलंस. तिने माझ्या हातातले कोपरे घेतले आणि पुढची चादर ओढली.

दुसरीला मी म्हटलं, मुलांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता. ती म्हणाली, म्हणून तर. आणि मागे गेली. मला पुढचं ऐकण्यासाठी घडी पडेपर्यंत थांबावं लागलं. जवळ आली तेव्हा तिचे डोळे कोरडे होते. तिथल्या वाफेत सगळ्यांचे चेहरे ओले असतात, डोळ्यांचं काही कळत नाही म्हणा.

तिने सांगितलं ते असं. सीझनला जाताना भावोजींनी तिला सांगून टाकलं. तिला वाटलं, डोक्यात वारं शिरलंय, महिन्याभरात उतरेल. मुलांचं कोणी काही बोललं की भावोजी विरघळतात, हे तिला माहीत होतं. मग मी दोरी बांधली.

"मला वाटलं, लावलं तर येतील," ती म्हणाली. "पोरं रोज पाळणा ढकलतात हे ऐकून दगडसुद्धा आला असता. मी त्यांना रोज फोन करून सांगायचे, आज इथपर्यंत आलात, आज इथपर्यंत."

"आणि आले नाहीत तर काय, याचा विचार केलास?"

"नाही केला."

"माझा?"

ती मागे गेली, झटका दिला. चादर आमच्या दोघींच्या मध्ये फुगून पुन्हा खाली बसली. घडी घालायला जवळ आली. म्हणाली, कोपरे नीट धर, चुण्या पडतायत.

दहावीनंतर ताई इथे लागली आणि मी शिकले. याचा उच्चार ती कधी करत नाही आणि आजही केला नाही. केला असता तर बरं झालं असतं. मला तिच्याशी भांडता आलं असतं.

निघताना मी म्हटलं, उद्या सकाळी मुलांना तू सांगणार आहेस. तू. मी नाही. ती हो म्हणाली.

मला भावोजींचा राग येत नाहीये, हे लिहून ठेवते. ते गेले, जाणारा माणूस जातो. ताईने मात्र हे माझ्या हातून करवून घेतलं. माझ्याकडे जे एकच चांगलं होतं ते तिने न विचारता उचललं आणि वापरलं, चिमटा वापरावा तसं.

३१ डिसेंबर, मंगळवार

सांगितलं.

न्याहारीला बसलो होतो. दूध, पाव, उकडलेली अंडी. ताईने कामावर उशिरा येते म्हणून कळवलं होतं. तिने गाठोड्याला मांडीवर घेतलं आणि सरळ सांगितलं: बाबा या वेळी येणार नाहीत. ते आता वरच राहणार आहेत. त्यांचं तिथे दुसरं घर आहे. तुम्ही काही केलं नाहीत म्हणून नाही. तिने चांगलं सांगितलं. मी इतकं चांगलं सांगू शकले नसते.

गाठोड्याने विचारलं, त्या घराला खिडकी आहे का? ताई म्हणाली, असेल.

वकीलबाईने पावाचा तुकडा बशीत ठेवला. "तुला कधी कळलं?" तिने ताईला विचारलं.

ताई गाठोड्याचं तोंड पुसत राहिली.

"तेलकाका म्हणाले, घरी सगळ्यांना माहीत आहे. मी ऐकलं. सगळ्यांना म्हणजे कोणाला?"

आई ओट्याकडे तोंड करून उभी होती. तिचे हात थांबले.

"आजीला?" वकीलबाईने विचारलं. आणि मग आवाज जरा खाली आणून, "आई, तुला?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी तिच्या हातून बरणी फुटली होती तेव्हा ती आईकडे असंच बघत होती. मी थांबले. मी खरंच थांबले, हे मला लिहून ठेवायचं आहे. तिला बोलायला पुरेसा वेळ होता.

मग मी म्हटलं, "आईला नाही. मला माहीत होतं."

वकीलबाई माझ्याकडे वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. तपासणी चालू होती.

"तेलकाकांनी सांगितलं तेव्हा?"

"आधीपासून."

"दोरीवर लावलं तेव्हा?"

"हो."

"मग का लावलंस?"

मला दुसरं काही सुचलं नाही. म्हटलं, "मला वाटलं, लावलं तर येतील."

"नक्की असेल तरच लावायचं. तूच म्हणाली होतीस."

"हो."

तिने मान हलवली, म्हणजे मुद्दा संपला. उठून ताईच्या खुर्चीच्या मागे गेली आणि तिच्या पाठीला गाल टेकवून उभी राहिली. ताईने एक हात मागे नेऊन तिला धरलं. मी वाट बघत होते. आता म्हणेल. आता म्हणेल, नाही गं, मावशीला काही माहीत नव्हतं.

ताई उठली, बश्या गोळा केल्या, आत गेली. नळ सुरू झाला. बराच वेळ चालू होता.

असं का बोललीस म्हणून कोणी विचारलं तर नीट सांगता येणार नाही. मी रविवारी जाणार आहे. ताई इथे राहणार आहे. मुलांना सांगायला, समजवायला, दात दुखणार नाही म्हणायला तीच असणार आहे. एवढंच त्या क्षणी डोक्यात होतं. पण मी ते खोटं तिला देऊ केलं होतं, आणि तिने ते घेतलं. तिने नाही म्हणायला हवं होतं. एकदा तरी.

आयुष्यात मुलांशी मी पहिल्यांदा खोटं बोलले, आणि बोलले ते हे, की मी खोटं बोलले होते.

२ जानेवारी, गुरुवार

गाठोड्याने पाळणा परत खिडकीकडे सरकवायला सुरुवात केली आहे. विचारलं तर म्हणालं, "परत वर चाललेत. सीझन आहे." कोणी शिकवलं नाही त्याला. आई तोंडाला पदर लावून आत गेली.

वकीलबाई माझ्याशी नीट वागते. हाक मारली की येते. दूध दिलं की काही न विचारता पिते. कोणाला वाटेल, मुलगी किती शहाणी झाली. मी चित्र काढायला बसवलं तेव्हा तिने घर, झाड, कुत्रा काढला. मी म्हटलं, दोरीवर लावूया? म्हणाली, "नको, असंच असू दे."

आई आज माझ्याजवळ बसली होती. तिला बोलायचं होतं. मी विचारलं, तू तरी मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तू इतकी खुशीत होतीस. घरात तेवढी एकच खुशीत होती." मला हे उत्तर वाटत नाही.

ताईबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, तरी लिहिते. ती माझ्याशी कामापुरतं बोलते. काल तिने माझ्या ताटात तिच्या वाटचं अंडं ठेवलं. मी ते परत तिच्या ताटात ठेवलं. आज पुन्हा ठेवलं. मी खाल्लं नाही, गाठोड्याला दिलं. माझे सगळे कपडे तिने लाँड्रीतून कडक इस्त्री करून आणले आहेत, अगदी घरात घालायचेसुद्धा, रुमालसुद्धा. कॉलर अशी उभी राहते की मान वळत नाही. मला काय करायचेत इतके कडक कपडे? एक वाक्य बोलली असती तर पुरलं असतं.

५ जानेवारी, रविवार

दुपारच्या बसने निघायचं आहे. बॅग भरून झाली.

सकाळी दोरी सोडली. चिमटे गॅलरीत परत ठेवले. चित्रं गाठोड्याने मागितली, कात्रीचं, बागेचं, सगळी. पाळणा कुठे दिसला नाही. ताईच्या उशीखाली त्याचा एक कोपरा दिसत होता. मी हात लावला नाही.

उद्यापासून शाळा. मी वकीलबाईला म्हटलं, उद्या शाळा आहे, दप्तर भरून ठेव, मी गेल्यावर आजीची धावपळ होईल. ती जागेवरून उठली नाही. ताई खिडकीपाशी तिच्या कोटाचं बटण घट्ट करत बसली होती. वकीलबाईने तिच्याकडे मान वळवून विचारलं, "आई, मावशी म्हणते उद्या शाळा आहे. आहे का?"

ताईच्या हातातली सुई थांबली. तिने दोरा दाताने तोडला, कोट खाली ठेवला.

"आहे," ती म्हणाली. आणि माझ्याकडे न बघता, मग एकदम बघून, "मावशी खरं सांगते. मावशी कायम खरंच सांगते."

वकीलबाईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग उठली आणि दप्तर भरायला लागली.

आईने सांगितलं म्हणून.